बुसानला केलेले दोन फोन

सौदीत अल-खोबरला एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरमागे मी एकोणीस वर्षं बसलो. सोलमध्ये जेवायला कुठे जावं, बुसानला मासे कुठे ताजे मिळतात, चामड्याचं जाकीट कुठल्या गल्लीत आणि किती घासाघीस करून घ्यावं, हे मी समोरच्याला घडाघडा सांगायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस दर दिवाळीला कोरियात फराळ करून येतो. खरं सांगायचं तर मी कोरिया आजपर्यंत पाहिलेला नाही. आता चिपळुणात घरी बसून पाहणारही नाही, कारण गुडघे ऐकत नाहीत.

सौदीतून लोक कोरियाला कशाला जातील, असा प्रश्न पडेल. आमच्या भागात, रास तनुराच्या तेलाच्या कारखान्यापासून जुबेलपर्यंत, पाइपलाइनी आणि टाक्या बांधायची कामं कोरियन कंपन्यांकडे असत. वरचे साहेब आणि मुकादम कोरियन, हाताखाली आपल्याकडचे, फिलिपाइन्सचे, थायलंडचे लोक. त्यातली एक कंपनी दरवर्षी आपल्या उत्तम कामगारांना बक्षीस म्हणून आठ दिवसांचा कोरिया दौरा द्यायची. आपले लोक बक्षीस म्हणून घड्याळाची अपेक्षा धरून असायचे. हातात कोरियाचं तिकीट पडलं की ते तोंड वेडंवाकडं करून माझ्याकडे यायचे आणि विचारायचे, तिथे भात मिळतो ना?

त्यांच्यासाठी मी एक कागद तयार केला होता. मराठीत हाताने लिहिलेला, चार पानी, झेरॉक्स काढून वाटायचा. त्यात सोलचा नामदेमुन बाजार होता: गरम कपडे, मोजे, भांडी, सगळं एका जागी, आणि रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इतेवनची जाकिटं होती. ग्योंगजूला जुन्या राजांच्या समाध्या आहेत, हिरव्या गवताच्या गोल टेकड्यांसारख्या दिसतात, त्यावर चढू नये, असं लिहिलं होतं, कारण एका वर्षी आपले दोघे चढले होते. बुसानला जगालची नावाचा मासळी बाजार. तिथे खाली बायकांकडून जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तो करून मिळतो. या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या, कारण आमचं गिऱ्हाईक कोकणातलं.

ही सगळी माहिती मी काउंटरवर येणाऱ्या कोरियन माणसांकडून गोळा केली. तिकीट फाडता फाडता विचारायचं, तुझं गाव कुठलं, तिथलं काय खावं, बायकोसाठी काय आणावं. घर सोडून आलेल्या माणसाला गावचं विचारलं की तो तिकिटाची घाई विसरतो. माझं आडनाव रेडीज. त्यांच्या तोंडी ते ‘मिस्टर रेडी’ झालं, आणि असं नाव पडल्यावर माणसाला सदा तयार राहावंच लागतं.

चुका व्हायच्याच. देवरूखच्या एका फिटरने सोलला बोट दाखवून शेवया मागवल्या, तर समोर बर्फ घातलेला वाडगा आला. भर थंडीत. त्याने तो तीनदा गरम करायला परत पाठवला आणि त्यांनी तीनदा नवा बर्फ घालून आणून दिला. तो पदार्थ थंडच खातात हे मला ठाऊक नव्हतं, पुढच्या वर्षी कागदावर चढलं. त्याहून मोठी चूक माझी स्वतःची. ग्योंगजू आणि ग्वांगजू ही दोन वेगळी शहरं आहेत, देशाच्या दोन टोकांना. मी टेलेक्सवर एक अक्षर चुकवलं आणि सहा माणसं राजांच्या समाध्या शोधत भलत्याच शहरात अर्धा दिवस फिरली. मालक अबू खालिद महिनाभर मला ‘या ग्वांगजू’, म्हणजे ‘अरे ग्वांगजू’, अशीच हाक मारायचा.

तरी मला माझ्या कोरियनचा अभिमान होता. काउंटरवर ऐकून ऐकून मी चाळीसेक शब्द देवनागरीत वहीत उतरवले होते. जाणं, येणं, उद्या, खिडकीची जागा, इस्पितळ, धन्यवाद. माझ्या धंद्यात सर्वांत गोड शब्द म्हणजे परत जाणं. करार संपलेला कोरियन माणूस काउंटरवर दोन्ही हात टेकून ‘दोरागायो’ म्हणायचा, म्हणजे परत जातोय, आणि त्याचा चेहरा असा उजळायचा की मीसुद्धा त्याला चहा पाजायचो. आखातात सगळी धडपड याच शब्दासाठी चालते.

आता सदाशिव घागांबद्दल. हे गुहागरकडचे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. रास तनुराला हेल्पर म्हणून आले होते, म्हणजे वेल्डरच्या मागे केबल ओढत फिरायचं काम. तिथे पार्क नावाच्या कोरियन मुकादमाने त्यांच्यातला वेल्डर ओळखला. पाइपाच्या जोडाचा एक्स-रे काढतात, आत केसाएवढी फट दिसली तरी जोड नापास. घागांचे पहिले तीन जोड नापास झाले. कंपनी त्यांना परत केबलवर पाठवणार होती. पार्क जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर त्यांच्याबरोबर उन्हात उभा राहिला, हातावर हात ठेवून त्यांना शिकवलं आणि साहेबाला सांगितलं की हा माणूस नापास झाला तर मलाही परत पाठवा. चौथा जोड पास झाला. पुढे बारा वर्षं घागांचा एकही जोड नापास झाला नाही.

पार्क बुसानचा, समुद्रकाठचा. घागांनी कँपात केलेलं बांगड्याचं तिखलं तो बोटं चाटून खायचा. त्याचं घागांना कायमचं आमंत्रण होतं: तू बुसानला ये, जगालचीला तू मासा निवड, मी खायला घालतो. घाग त्याच्याकडून कामापुरतं कोरियन शिकले होते, पण चारचौघांत बोलायचे नाहीत. आमच्या घागांना गरजेपेक्षा जास्त बोलायला कुठल्याच भाषेत जमत नसे.

नव्वदच्या उन्हाळ्यात पार्कची प्रकृती ढासळली आणि तो घरी गेला. ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. त्याच वर्षीच्या बक्षिसात घागांचं नाव आलं. दौरा नोव्हेंबरात, शेवटचे दोन दिवस बुसान. खरं तर कार्यक्रमात बुसान एकच दिवस होता, ग्योंगजूचा एक दिवस कापून मी तो वाढवला. राजांच्या समाध्या कुठे पळून जात नव्हत्या. पासपोर्टवर कोरियाचे व्हिसा उमटले, तीन महिन्यांचे, जानेवारीअखेर संपणारे. आणि मग कंपनीने दौरा रद्द केला, कारण लढाई होणार हे आता सगळ्यांना दिसत होतं.

बाकीच्या सात जणांनी हुश्श केलं. घाग शुक्रवारच्या सुट्टीत माझ्याकडे आले आणि खुर्चीवर न बसता उभे राहिले. पार्क बुसानच्या इस्पितळात आहे, जास्त आहे, असं त्यांना घरून परतलेल्या एका कोरियन माणसाने सांगितलं होतं. कंपनी जानेवारीत काम आवरतं घेणार होती आणि त्यांना दीड महिन्याची सुट्टी मिळणार होती. त्यांना स्वतःच्या खर्चाने जायचं होतं.

मी त्यांना सरळ सांगितलं. दोन वर्षांनी सुट्टी मिळतेय, घरी वहिनी वाट बघताहेत, वर लढाईचे दिवस. पार्क शुद्धीवर नसेल, ओळखणार नसेल, तर इतक्या लांब जाऊन काय उपयोग? मी फोन करून विचारतो. बरा असेल तर जा, नाहीतर सरळ गुहागर गाठा. त्यांना ते पटलं, किंवा पटल्यासारखं त्यांनी दाखवलं. फोन मी करायचं ठरलं, कारण कँपातून परदेशी फोन लागत नसे आणि घागांची पाळी दिवसाची. शिवाय माझं कोरियन होतंच.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दहाला मी घागांनी दिलेल्या नंबरवर बुसानला फोन लावला. तिथे तेव्हा दुपारचे चार. पार्कच्या बायकोने उचलला. मी वही समोर ठेवून विचारलं, मिस्टर पार्क, इस्पितळात? ती म्हणाली, नाही. मग थोडं थांबून एक लांबलचक शब्द म्हणाली, ‘दोरागास्योस्सोयो’. मी वहीत पाहिलं. दोरागा, परत जाणं. पुढचं शेपूट आदराचं आणि झालेल्या गोष्टीचं, एवढं मला कळत होतं. म्हणजे साहेब इस्पितळात नाहीत, परत गेले. घरी आले!

मला इतका आनंद झाला की पुढचं सगळं इंग्रजीत तोंडातून निघालं. “व्हेरी गुड, मॅडम,” मी म्हणालो, “व्हेरी, व्हेरी गुड.” मी धन्यवाद दिले. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

शुक्रवारी घाग आले. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि बातमी दिली की पार्क घरी परतला. त्यांनी विचारलं, बाईंनी नेमका कुठला शब्द वापरला? मी ऐटीत वहीतून वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला. मग भिंतीवरच्या कोरियाच्या पोस्टरकडे बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, बाईंचा आवाज कसा होता. मी म्हटलं, थकलेला, इस्पितळाच्या खेपा घालून दमल्या असतील बिचाऱ्या.

“मग आता जायालाच हवा,” घाग म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले. आनंदाने माणसाला काही सुचत नाही असं मला वाटलं.

आठ दिवसांनंतरची जागा मिळाली, आमच्या धाहरानच्या विमानतळावरून. मधल्या काळात लढाई सुरू झाली आणि विमानतळ नागरी वाहतुकीला बंद झाला. माझ्या ड्रॉवरमधली सगळी तिकिटं एका सकाळीत रद्दी झाली.

त्या दिवसांत काउंटरवर जी माणसं आली ती मी विसरणार नाही. काचांना चिकटपट्ट्यांच्या फुल्या, प्रत्येकाच्या खांद्याला गॅस मास्कचा डबा. क्षेपणास्त्र येतंय असा भोंगा वाजला की सगळे मास्क चढवून भिंतीला टेकायचे आणि थांबला की त्याच जागी रांग पुन्हा सुरू. एक बँकवाला विचारायचा, कुठलंही तिकीट द्या, जिथे भोंगा नाही तिथलं. जुबेलच्या एका मराठी बाईंनी दोन मुलांना घेऊन जेद्दाची बस पकडली. नवरा प्लँटवर अडकलेला. धाकटी मुलगी मास्कच्या आतून “मम्मी, आर वी गोइंग टु आजी?” असं विचारत होती आणि आई फॉर्म भरता भरता मान हलवत होती. नातलगांचे फोन नंबर, पासपोर्ट, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, सगळं हातात धरून लोक उभे असत. या गर्दीत मी एका वेल्डरसाठी बुसानची वाट शोधत होतो.

अबू खालिदला ते कळलं तेव्हा त्याला हसूच आवरेना. “या रेडीज,” तो म्हणाला, “सब नफर घर जाता. ये एक नफर बाजार देखने जाता?”

मी त्याला सांगितलं की ज्याने याला हुनर दिला तो माणूस आजारातून उठून घरी परतला आहे आणि हा त्याला भेटायला चालला आहे. उस्तादाचं नाव काढल्यावर अबू खालिद हसायचा थांबला. त्याने एजन्सी बंद करायचा विचार चालवला होता. मी म्हटलं, घाग जाईपर्यंत नाही. तो खांदे उडवून म्हणाला, किल्ली तुझ्याकडे ठेव.

मग मी हट्टालाच पेटलो. आमच्या धंद्यात तिकिटावर ‘ओके’ असं उमटलं की जागा पक्की, नाहीतर नुसतं मागणीचं चिन्ह असतं आणि देवावर भरवसा. जेद्दाहून काही विमानं सुटत होती, तीही आज आहे तर उद्या नाही. मी जेद्दा ते बँकॉक, बँकॉक ते सोल अशी जोडणी केली. ती दोनदा तुटली, तिसऱ्यांदा टिकली. जेद्दाच्या ऑफिसातला केरळी कारकून माझा आवाज ऐकला की फोन बाजूला ठेवायचा, मी तासाभराने परत लावायचो. सौदीतून बाहेर पडून परत यायच्या शिक्क्यासाठी कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून हिंडणारा माणूस, गाठायला मी स्वतः दम्मामला गेलो. वाटेतल्या चौक्यांसाठी कफीलचं, म्हणजे जामीन असलेल्या मालकाचं, पत्र लागतं, ते घेतलं. परतीचं तिकीट मुंबईवरून काढलं, म्हणजे उरलेले दिवस तरी घागांना घरी मिळावेत. व्हिसा संपायला पाच दिवस असताना तिकिटाच्या जाण्याच्या दोन्ही पानांवर ‘ओके’ उमटलं. इतकी मेहनत मी स्वतःच्या लग्नातही घेतली नव्हती.

घाग दुपारच्या बसने निघाले. एका हातात मास्कचा डबा, दुसऱ्या हातात आमसुलांची पिशवी. अंगात पातळ स्वेटर. मी माझा चार पानी कागद त्यांच्या खिशात घातला आणि बजावलं की सोलला उतरल्यावर आधी नामदेमुनला जाऊन जाड कोट घ्या, मग बुसानची गाडी पकडा. आणि पार्कसाहेबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर सहा दिवसांनी किम साहेब काउंटरवर आले. हे जुबेलच्या कामावरचे कोरियन व्यवस्थापक, पार्कला नावाने ओळखणारे. त्यांच्या उरलेल्या माणसांची जेद्दाची सोय करायची होती. मी काम करता करता फुशारकीने सांगितलं की आमचा घाग बुसानला पोचलाय, पार्क घरी परतला ना, आणि माझा तो लांबलचक शब्द त्यांना म्हणून दाखवला.

किम साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. हा शब्द कोण म्हणालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांची बायको. मग त्यांनी मोडक्या इंग्रजीत, हळूहळू, मला समजेल असं सांगितलं. आम्ही मोठ्या माणसाबद्दल ‘मेला’ असं बोलत नाही. परत गेला, असं म्हणतो. जिथून आला तिथे. “मिस्टर रेडी,” ते म्हणाले, “पार्क इज डेड.”

मी खुर्चीत बसलो. आपणही माणूस ‘गेला’ म्हणतो. उद्या परक्या मुलखातला एखादा कारकून माझ्या घरी फोन करील, माझी बायको म्हणेल, ते गेले, आणि तो विचारील, कुठे? एवढंच माझं झालं होतं. फक्त मी कुठे असं विचारलंही नाही. मी व्हेरी गुड म्हणालो होतो. नवरा गेलेल्या बाईला मी दोन वेळा व्हेरी गुड म्हणालो होतो, आणि एका माणसाची सुट्टी, त्याची घरची ओढ, सगळं घेऊन त्याला भोंग्यांमधून एका मेलेल्या माणसाला भेटायला पाठवलं होतं. ग्वांगजूची चूक अर्ध्या दिवसाची होती. ही निस्तरायला कुठला टेलेक्स पुरणार होता?

तरी सोलच्या एजंटाला टेलेक्स केला. उत्तर आलं, प्रवासी बुसानला रवाना. पुढे काही कळलं नाही. लढाई संपली, काचांवरच्या फुल्या खरवडून काढल्या, कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्याकडे येऊन भर दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागायचे. मी रोज दाराकडे बघायचो. घागांनी येऊन मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते येणारच नाहीत, आपल्याशी बोलणारच नाहीत, याची मला भीती होती. खोबरमधल्या त्या वर्षांत माझ्याजवळचं असं माणूस ते एकच होतं, हे मला तेव्हा कळलं.

मार्चमध्ये एका शुक्रवारी ते आले. अंगावर निळा जाड कोट, खोबरच्या उकाड्यात. तो त्यांनी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. वाळवलेल्या माशांचं एक पुडकं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “कोट तुम्ही सांगितलात तिथंच घेतला. तुमचा कागद खरा हाय. सगळी दुकाना जिथल्या तिथं.”

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, घाग, माझी फार मोठी चूक झाली. मला तो शब्द कळला नाही. मी तुम्हाला खोटी बातमी दिली.

“तुमाला कळला नाय,” ते म्हणाले. “मला तवाच कळला. त्या दिवशी, तुमी वाचून दाखवलात तवाच.”

बारा वर्षं ज्या माणसाने कोरियनांच्या हाताखाली काढली, त्यांच्या घरच्या चिठ्ठ्यांवरची रडणी ऐकली, त्याला हा शब्द ठाऊक नसेल असं मला वाटलंच कसं! मी विचारलं, मग मला का सांगितलं नाहीत?

“सांगितला असता तर तुमी काय बोलला असता? आता कशाला, घरी जा.” ते खुर्चीत बसले. “जित्या माणसासाठी तुमी एवढी वाट काढलीत. मेलेल्यासाठी काढली असतीत?”

नसती काढली. हे मी त्यांना तोंडावर कबूल केलं, आणि आता लिहिताना पुन्हा करतो. मी त्यांना समजावून, खांद्यावर हात ठेवून, गुहागरला पाठवलं असतं आणि वर शहाणपणाचा सल्ला दिला म्हणून खूश झालो असतो.

“त्या माणसानं मला हाताला धरून शिकवलान,” घाग म्हणाले. “तो असताना माझ्यानं जाणा झाला नाय. आता त्याच्या दारात जाऊन बसल्याबिगर मी मशीन हातात कशी धरू?”

मग त्यांनी सगळं सांगितलं, त्यांच्या मानाने पुष्कळ. बुसानचं घर डोंगराच्या उतारावर, शंभर पायऱ्या चढून. बाईंनी दार उघडलं आणि यांना बघून दारातच बसल्या. हेही समोर पायरीवर बसले. आपल्याकडे दुखवट्याला गेल्यावर जसं बसतात तसं, घाग म्हणाले, सारखंच आहे सगळं. दुसऱ्या दिवशी बाई त्यांना डोंगरावरच्या देवळात घेऊन गेल्या, तिथे पार्कचा फोटो ठेवला होता. यांनी आमसुलांची पिशवी फोटोपुढे ठेवली. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः म्हणाल्या, जगालचीला चल. घागांनी मासा निवडला, बाईंनी वर नेऊन करून घेतला. तीन माणसांची पानं मांडायला सांगितलं. तिसऱ्या वाडग्यातला भात कोणी उचलला नाही, तो तसाच राहू दिला.

मी विचारलं, माझ्या फोनचं काही बोलल्या का. बोलल्या होत्या. सौदीतून एका माणसाचा फोन आला होता, तो खूप आनंदात होता, तो कोण, असं त्यांनी विचारलं होतं. घागांनी त्यांना सांगितलं की तो तिकिटं विकणारा माणूस आहे, त्याला परत जाणं म्हणजे एकच माहीत. बाईंना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर त्या हसल्या आणि मग कितीतरी वेळ रडल्या. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा हसले, असं नंतर म्हणाल्या.

मी म्हटलं, आत्ता फोन लावायचा. मला माफी मागायची आहे, आणि ती मी स्वतः मागणार. घाग नको म्हणाले, झालं ते झालं. मी ऐकलं नाही. त्यांच्याकडून मी माफीचे शब्द वहीत उतरवून घेतले, पंधरा-वीस वेळा म्हणून बघितले. ते माझे उच्चार दुरुस्त करत होते, एकदा तर वैतागून म्हणाले की जोड नापास हाय, परत करा. तिथे दुपार कलली होती. मी नंबर फिरवला.

बाईंनी उचलला. मी माझं नाव सांगितलं, मिस्टर रेडी, आणि वहीतलं वाक्य एका दमात वाचलं. माझ्या चुकीबद्दल मला फार वाईट वाटतं, मला क्षमा करा. मग त्या दोनतीन शब्दांचा एक प्रश्न विचारून थांबल्या. तो माझ्या वहीत नव्हता. चाळीस शब्दांत नव्हता. मी घाबरून घागांकडे बघितलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

घागांनी तो ऐकून घेतला. मग फोन माझ्या कानाला परत लावून हळू आवाजात म्हणाले, “इचारतायत, जेवलात काय?”

मी सकाळपासून नुसत्या चहावर होतो.

“जेवलो, वहिनी,” मी मराठीतच म्हणालो. मग फोन घागांकडे दिला आणि पुढचं त्यांनी कोरियनमध्ये पुरं केलं.